कोअर कडेला का? ज्युरीच्या प्रश्नाचं एका स्ट्रक्चरल इंजिनिअरचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. आर्किटेक्चरच्या पाचव्या वर्षाची एक विद्यार्थिनी थिसिससाठी वांद्रे-कुर्ला संकुलात एका बँकेचं ४० मजली मुख्यालय करते आहे. हाँगकाँगच्या एचएसबीसी बँकेच्या इमारतीचा दाखला घेऊन तिने लिफ्ट, जिने, स्वच्छतागृहं असा सगळा कोअर मधून उचलला आणि पश्चिमेच्या कडेला नेला. परीक्षकांच्या ज्युरीने विचारलं, "का?" ती म्हणाली, "फोस्टरने केलंय." (नॉर्मन फोस्टर, त्या इमारतीचे वास्तुविशारद.) ज्युरी हसली. आता तिला दोन गोष्टी हव्या आहेत: हाँगकाँगला ते नेमकं का केलं, आणि तिने ते ठेवावं की काढावं.

ज्युरी हसली हे मला आवडलं नाही, पण प्रश्न बरोबर होता. आता थेट तिच्याशीच बोलतो. मी वास्तुविशारद नाही. तीसेक वर्षं मुंबई-पुण्यातल्या उंच इमारतींचे हिशेब केले आहेत, त्यामुळे माझं उत्तर पोलाद आणि काँक्रीटच्या बाजूला झुकेल, ते धरून चाला.

कुठल्याही ऑफिस टॉवरचा प्लॅन हातात आला की मी आधी कोअर शोधतो. दर्शनी काच, डोक्यावरचा मुकुट, रात्रीची रोषणाई हे सगळं नंतर. लिफ्टचे शाफ्ट, जिने, टॉयलेट, विजेच्या आणि पाण्याच्या डक्ट, एसीची खोली हे सगळं मिळून मजल्याचा पाचवा हिस्सा सहज खातं, इमारत उंच असेल तर चौथा. ही जागा भाड्याने देता येत नाही. म्हणून ती तिथे ढकलायची जिथे जागेला भाव कमी, म्हणजे मधोमध, खिडकीपासून लांब. चारी बाजूंची उजेडाची जागा मग भाडेकरूला मोकळी. शिवाय या कोअरभोवती काँक्रीटच्या भिंती लागतातच, त्यांची एक जाड नळी तयार होते आणि वारा-भूकंप अंगावर घ्यायला तीच कामाला येते. एका दगडात दोन पक्षी. जगातले बहुतेक टॉवर आतून सारखे का असतात याचं उत्तर एवढंच आहे. बाहेरून वेगळे दिसण्याची त्यांची धडपडही मला वाटतं त्यातूनच येते; आत वेगळं करायला काही उरलेलंच नसतं.

आता हाँगकाँग. सेंट्रल या भागात, क्वीन्स रोडवर, स्टॅच्यू स्क्वेअरसमोर, या बँकेचं कार्यालय १८६० च्या दशकापासून आहे. १९३५ साली पामर अँड टर्नर यांनी केलेली इमारत ही तिथली तिसरी, दगडी अंगाची आणि पूर्ण वातानुकूलित. १९७० च्या दशकाअखेरीस ती अपुरी पडायला लागली. १९७९ मध्ये निवडक वास्तुविशारदांकडून प्रस्ताव मागवले, त्यात नॉर्मन फोस्टर यांची निवड झाली. तोवर त्यांच्या कार्यालयाने एकही उंच इमारत केलेली नव्हती. नावाजलेलं काम म्हणजे इंग्लंडमध्ये इप्सविचला एका विमा कंपनीचं ऑफिस, मजले तीन. स्ट्रक्चरचं काम ओव्ह अरुप यांच्या कंपनीकडे गेलं.

इथे एक गोष्ट पुस्तकातल्या फोटोंमध्ये दिसत नाही, आणि तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिच्यात आहे. बँकेने सुरुवातीला सांगितलं होतं की जुना बँकिंग हॉल चालू ठेवून टप्प्याटप्प्याने नवी इमारत बांधता येते का ते पाहा. म्हणजे खाली काउंटरवर माणसं पैसे मोजतायत आणि त्यांच्या डोक्यावर पोलाद चढतंय. तसं करायचं तर हॉलच्या मधोमध खांब उतरवता येत नाहीत. पाया दोन्ही कडांना घ्यायचा, तिथे भक्कम खांब उभे करायचे आणि मजले त्यांच्यावरून खाली टांगायचे. टांगलेल्या इमारतीची कल्पना या अडचणीतून आली. पुढे बँकेचा विचार बदलला, १९८१ मध्ये जुनी इमारत पाडली, जमीन साफ मोकळी झाली. अडचण गेली, पण उत्तर राहिलं. आमच्या धंद्यात हे वरचेवर होतं. मात्र इथे उत्तर ठेवायला दुसरं कारण मिळालं होतं. वेळ कमी होता आणि तळघरं खोल होती. मजले वरून टांगलेले असले की खाली खोदकाम चालू असताना वर उभारणी करता येते, एकासाठी दुसऱ्याने थांबायची गरज नाही.

टांगणं म्हणजे नक्की काय, ते कावडीवरून समजून घ्या. खांद्यावर आडवी काठी, दोन्ही टोकांना दोरीने बांधलेल्या घागरी. खांदा म्हणजे इथले मास्ट, ते भक्कम खांब. असे आठ मास्ट आहेत, दोन-दोनांच्या चार जोड्या. प्रत्येक मास्टमध्ये पोलादाच्या चार गोल नळ्या, तळाशी सुमारे १.४ मीटर व्यासाच्या, वर जाताना बारीक होणाऱ्या, आणि दर मजल्याला आडव्या बीमने एकमेकींशी घट्ट जखडलेल्या. त्यात तिरप्या सळ्या नाहीत, नुसती शिडी. तिला आम्ही विरेंडील म्हणतो. तिरप्या सळ्या नसल्याने मास्टच्या आरपार दरवाजा काढता येतो, पण सगळा ताण सांध्यांवर येतो, म्हणून सांधे राक्षसी लागतात. काठी म्हणजे दोन मजले उंचीचे सस्पेन्शन ट्रस (पोलादी दांड्यांचे त्रिकोणी सांगाडे), उभ्या उंचीत पाच ठिकाणी. बाहेरून कपड्याच्या हँगरसारखे दिसतात ते हेच. जोडीतल्या दोन मास्टमधलं अंतर ३३.६ मीटर. आतल्या बाजूला दोघांचे हात मधोमध येऊन भेटतात, बाहेरच्या बाजूला प्रत्येकाचा हात १०.८ मीटर पुढे येतो. या हातांच्या टोकांपासून पोलादी हँगर, म्हणजे लटकत्या दांड्या, खाली सोडल्यात आणि मजले त्यांना लटकतायत. आतली घागर बाहेरच्या घागरीला तोलते, खांदा सरळ राहतो.

दाब घेणारा खांब बारीक केला तर वाकून मोडतो, म्हणून जाड ठेवावा लागतो. ताण घेणारी वस्तू वाकत नाही, झोपाळ्याच्या कड्या बघा. त्यामुळे हँगर खांबाच्या मानाने अगदी सडपातळ आहेत आणि मजल्यावर आठ मास्ट सोडले तर नजर अडवणारं फारसं काही नाही.

आता कोअर. मजले पेलायला मास्ट, वारा पेलायलाही मास्टच. हाँगकाँगला टायफून येतात, तेव्हा वाऱ्याचा हिशेब तिथे गंमत नाही. तो सगळा या शिड्यांनी आणि ट्रसच्या पातळीवरच्या ब्रेसिंगने, म्हणजे तिरप्या आधारांनी, घेतलाय. म्हणजे कोअरच्या भिंतींवर स्ट्रक्चरचं ओझं उरलंच नाही. एका दगडातले दोन पक्षी इथे वेगळे झाले. लिफ्ट, टॉयलेट, एसीच्या खोल्या हे निव्वळ सामान झालं, आणि सामान कुठेही ठेवता येतं. त्यांनी ते पूर्व आणि पश्चिम अशा दोन्ही टोकांना ठेवलं. टॉयलेट आणि यंत्रांच्या खोल्या तर जपानमध्ये कारखान्यातच पूर्ण बनवल्या, आतल्या आरशा-नळांसकट. असे शंभराहून जास्त डबे जहाजाने आणून एकावर एक रचले. पोलाद ब्रिटनमधून आलं, सुमारे ३०,००० टन. अ‍ॅल्युमिनियमचं आवरण अमेरिकेतून. साइटवर वाळू टाकायला जागा नसलेल्या त्या शहरात दुसरा शहाणा मार्गही नव्हता.

पूर्व-पश्चिमच का, हे लक्षात घ्या. इमारतीचं तोंड उत्तरेला बंदराकडे, पाठ दक्षिणेला डोंगराकडे. सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन, जे पडद्याशिवाय अडत नाही, ते या दोन बाजूंनी येतं. तिथे माणसांऐवजी टॉयलेट आणि लिफ्ट बसवल्या. तुमचा कोअर पश्चिमेला आहे, तेवढ्यापुरतं तुम्ही बरोबर आहात. ज्युरीला हे सांगायला हवं होतं.

मधला भाग रिकामा झाल्यावर त्या रिकामेपणाचं काय केलं, यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो. तळमजला जवळजवळ पूर्ण मोकळा सोडला. रस्त्यावरचा माणूस इमारतीखालून आरपार चालत जातो. ही जागा लोकांच्या वाटेसाठी खुली ठेवली म्हणून वर जादा बांधकाम मिळालं, आपल्या भाषेत जादा एफएसआय. तेव्हा हा निव्वळ दानधर्म नव्हता, हेही नोंदवून ठेवा. वर बघितलं की डोक्यावर काचेचं झोळीसारखं लोंबतं पोट दिसतं, त्याला भेदून दोन सरकते जिने बँकिंग हॉलमध्ये जातात. ते तिरपे, रस्त्याला वाकडे बसवलेत. फेंगशुईच्या जाणकाराच्या सल्ल्याने, असं सांगतात. आपल्याकडे वास्तुशास्त्रवाल्यांनी माझे जिने इतक्यांदा फिरवलेत की मला त्यात काहीच नवल वाटलं नाही. काचेच्या पोटावर दहा मजले उंच अ‍ॅट्रियम, म्हणजे मध्ये मजले न घालता सोडलेली मोकळी जागा. एवढ्या खोल मजल्याच्या पोटात उजेड कसा पोचवायचा? खिडकीपासून सात-आठ मीटर आत गेलं की दिवसाचा उजेड संपतो, ही साधी गोष्ट आहे. त्यांनी दक्षिणेच्या भिंतीबाहेर सूर्यामागे फिरणारे आरसे लावले. ते ऊन आत टाकतात, अ‍ॅट्रियमच्या माथ्यावरचे आरसे ते खाली वळवतात. नाव सनस्कूप. खरं सांगायचं तर त्या उजेडात फाइल वाचता येईल असं मला वाटलं नाही, दिवे चालूच होते. पण आपण खोल विहिरीत नाही एवढं कळतं.

लिफ्टची युक्ती तुमच्या कामाची आहे. प्रत्येक मजल्यावर थांबणाऱ्या लिफ्ट ठेवल्या तर शाफ्टची संख्या वाढते. इथे जलद लिफ्ट फक्त ट्रसच्या पातळीवरच्या दुप्पट उंचीच्या लॉबींपाशी थांबतात. तिथून पुढे वर-खाली दोन-चार मजले सरकत्या जिन्याने. इमारतीत असे साठेक सरकते जिने आहेत. एसीसाठी समुद्राचं पाणी बंदरापासून बोगद्यातून आणलं, त्यामुळे गच्चीवर कूलिंग टॉवरचा पसारा नाही. वायरिंग आणि एसीची हवा उचलता येणाऱ्या फरशीखालून फिरते.

१९८५ मध्ये काम पूर्ण झालं. उंची साधारण १८० मीटर, २९, ३६ आणि ४४ मजल्यांच्या तीन उभ्या पट्ट्या एकमेकींना चिकटलेल्या. खर्च सुमारे ५.२ अब्ज हाँगकाँग डॉलर. त्या काळी जगातली सर्वांत महाग इमारत म्हणून तिचं नाव झालं, आणि त्यातला प्रत्येक डॉलर सांध्यांमध्ये दिसतो. बाहेरून राखाडी दिसतं ते पोलाद आहे असं बहुतेकांना वाटतं. नाही. पोलादावर आधी गंजरोधक थर, मग आगीपासून बचावाचं आवरण, आणि त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा. तुम्ही बघता तो सदरा आहे, शरीर आत आहे. प्रामाणिक स्ट्रक्चर, उघडं स्ट्रक्चर असे शब्द तुमच्या थिसिस रिपोर्टमध्ये असतील तर तेवढे खोडा.

शेजारच्या बँक ऑफ चायनाकडे बघितलंत का? वास्तुविशारद आय. एम. पेई यांची, १९९० ची, डोक्यावरच्या दांड्यांसकट ३६७ मीटर. एकाच हाकेच्या अंतरावर नेमकी उलटी रीत. स्ट्रक्चरल इंजिनिअर लेस्ली रॉबर्टसन यांनी तिथे भल्यामोठ्या तिरप्या ब्रेसिंगने सगळं वजन चार कोपऱ्यांच्या खांबांकडे नेलं. मधला पाचवा खांब वरून येतो आणि २५ व्या मजल्यावर थांबून आपलं वजन कोपऱ्यांना वाटून देतो. तिरप्या रेषांनी कमी पोलादात वारा कसा अडवायचा याचा तो धडाच आहे. इंजिनिअर म्हणून माझं मत विचाराल तर त्या दोघींत तीच जास्त हुशार आहे. पण तिच्या तळमजल्यावर पाऊस आला म्हणून कुणी आडोशाला थांबेल, असं मला वाटत नाही.

कोअर बाहेर काढणं फोस्टर यांचा शोध नव्हे, हेही ज्युरीपुढे माहीत असू द्या. शिकागोच्या इनलंड स्टील इमारतीत १९५० च्या दशकातच लिफ्ट-जिन्यांचा वेगळा मनोरा शेजारी उभा केला आणि ऑफिसचा मजला आतून खांबांशिवाय सोडला.

आता तुमचा प्लॅन. तुमचा कोअर काँक्रीटचा आहे, एकाच कडेला आहे, आणि वारा-भूकंप त्याच्यावरच सोडलाय. बाकी मजल्यावर साधे खांब. इथेच एचएसबीसीची आणि तुमची फारकत होते. इमारतीचं वजन मधोमध, ताठपणा एका टोकाला. भूकंपात वजन एकीकडे ओढणार, कोअर आपल्या जागी चिकटून राहणार, आणि इमारत कोअरभोवती गरकन पिळवटणार. दार बिजागरीभोवती फिरतं तशी. लांबच्या कडेच्या खांबांची दैना होते. आयएस १८९३ या भूकंपाच्या भारतीय मानकात या पिळासाठी वेगळी तपासणी आहे, आणि ४० मजल्यांना उंच काँक्रीट इमारतींचं आयएस १६७०० पण लागेल. फोस्टर-अरुप यांचे कोअर दोन्ही टोकांना होते, आणि त्यांच्यावर ताठपणाची जबाबदारी नव्हती. तुम्ही त्यांची जागा उचललीत, कारण उचललं नाही.

हे मी शहाणपणाने सांगत नाही, पोळून सांगतोय. मुंबईत एका कामात मालकाला समुद्राचं दृश्य अखंड हवं होतं, म्हणून आम्ही कोअर मागच्या कडेला नेला. स्वतःच्या कंपनीसाठी इमारत होती तोवर ठीक चाललं होतं. पायलिंग, म्हणजे पायाचे खोल खांब, झाल्यावर ठरलं की निम्मे मजले भाड्याने द्यायचे. वेगवेगळे भाडेकरू म्हणजे जास्त लिफ्ट, वेगळ्या लॉबी. कोअर फुगला, पीळ वाढला. तो मारायला समोरच्या बाजूला काँक्रीटची भिंत घालावी लागली. नेमकी समुद्राच्या आड. त्या भिंतीवर नंतर त्यांनी समुद्राचं पेंटिंग लावलं.

ज्युरीला द्यायचं खरं उत्तर या गोष्टीत आहे. मधला कोअर भाड्याच्या इमारतीला शोभतो, कारण त्याच्याभोवती मजला कसाही कापता येतो. कडेचा कोअर अशा मालकाला परवडतो जो सगळे मजले स्वतः वापरणार आहे आणि ज्याला मधल्या मोकळ्या जागेचं काहीतरी करायचं आहे. दहा मजल्यांना जोडणारं अ‍ॅट्रियम, मजल्या-मजल्यामधले सरकते जिने हे एकाच संस्थेच्या घरात चालतं. वरच्या मजल्यावर विमा कंपनी आणि खालच्यावर वकिलांचं ऑफिस असेल तर त्या जिन्यावरून कोण कुठे जाणार? तुमची बँक स्वतःचं मुख्यालय बांधतेय. म्हणजे कारण तुमच्याकडे आहे, फक्त तुम्ही ते वापरलेलं नाही.

माझ्या मते कोअर ठेवा, पण फोडा. निम्मा पूर्वेला, निम्मा पश्चिमेला, दोन्हींचा ताठपणा शक्य तितका सारखा. पिळाचा प्रश्न बराचसा मिटेल, दोन जिने एकमेकांपासून लांब गेल्यामुळे अग्निशमनाच्या मंजुरीतही फायदा होईल, आणि दोन्हींकडचं तिरपं ऊन अडेल. मधला गाळा ३३ मीटरचा करायच्या भानगडीत पडू नका. १६ ते १८ मीटरचा गाळा प्री-स्ट्रेस्ड (आधीच ताण दिलेल्या काँक्रीटच्या) बीमने निघतो आणि आपल्याकडचे ठेकेदार ते रोज करतात. लिफ्टचं नुकसान होईल ते मान्य करा. आठ लिफ्ट एकत्र जितक्या माणसांना नेतात तितक्यांना चार अधिक चार नेत नाहीत. ती तूट भरायला ट्रसच्या लॉबीसारखं काहीतरी लागेल: दर आठ-दहा मजल्यांवर एक मोठी लॉबी, तिथपर्यंत जलद लिफ्ट, पुढे जिना. अ‍ॅट्रियम दहा मजल्यांचं नको. धूर बाहेर काढायची यंत्रणा, आगीत खाली येणारे पडदे यांचा हिशेब तुमच्याकडून ज्युरी मागेल आणि तो तुम्हाला देता येणार नाही. तीन-चार मजल्यांची दोन-तीन अ‍ॅट्रियम करा.

आणि तळमजला. ड्रॉइंगमध्ये तुम्ही तिथे पाण्याचं तळं आणि सिक्युरिटीचं केबिन दाखवलंय. मी हाँगकाँगला गेलो तो रविवार होता. त्या इमारतीखाली पाय ठेवायला जागा नव्हती. शहरात घरकाम करणाऱ्या फिलिपिनो बायका सुटीच्या दिवशी तिथे जमतात. पुठ्ठे अंथरलेले, डबे उघडलेले, कुणी केस विंचरतंय, कुणी घरी पाठवायची खोकी बांधतंय. पुढे २०११ मध्ये 'ऑक्युपाय' या आर्थिक विषमतेविरुद्धच्या आंदोलनवाल्यांनी तंबू ठोकले तेही याच जागेवर, आणि जवळजवळ वर्षभर हलले नाहीत. मी प्लॅन काढून बघितला. दुसऱ्या कुठल्याही टॉवरमध्ये जिथे लिफ्टची लॉबी आली असती, बरोबर त्या जागी चौघीजणी पत्ते खेळत बसल्या होत्या.